चादर टाकू नका, घमेले पालथे घाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्ह्यात कुठे खून झाला किंवा संशयास्पद मृतदेह सापडला, की दुसऱ्या दिवशीच्या अंकात येणारा फोटो बहुतेक ठरलेला असतो. मधे चादरीखाली मृतदेह, शेजारी दोन-तीन खाकी गणवेश आणि भोवती बघ्यांचे कोंडाळे, त्यातल्या निम्म्यांचे मोबाइल वर धरलेले. वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. घटनास्थळाच्या तपासात नोकरी संपवलेल्या आमच्यासारख्यांची नजर मात्र आधी त्या चादरीवर जाते. ती कुणाच्या घरातून आली, तिच्यावर कोण झोपत होते, घरात मांजर आहे का, हे प्रश्न पुढे प्रयोगशाळेत निघतात आणि तेव्हा त्यांचे उत्तर द्यायला कुणी नसते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आणि त्या कामाचे चित्रीकरण करायचे आहे. हे बंधन प्रत्यक्ष लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. कलम १०५ ने झडती आणि जप्तीचेही चित्रीकरण सक्तीचे केले. तरतुदी उत्तम आहेत. पण त्यामुळे ‘न्यायसहायक पथकाची व्हॅन आली की सगळे होईल’ असा एक समज पसरला आहे. कोल्हापुरातून निघालेल्या पथकाला चंदगडच्या टोकाला पोचायला अडीच-तीन तास सहज लागतात. तोवर जागा असते गावच्या पोलीस पाटलाच्या, बीट अंमलदाराच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातात. त्यांनी पहिल्या अर्ध्या तासात जे घालवले ते व्हॅनमधल्या कोणत्याही यंत्राला परत आणता येत नाही.

पहिले काम जीव वाचवण्याचे, यात दुमत नाही. माणसात धुगधुगी असेल तर १०८ ला फोन करा, उचला, हलवा. पुरावा गेला तर जाऊ दे. मात्र काय हलवले, दार कुणी उघडले, दिवा आधी चालू होता की नंतर लावला, हे तिथल्या तिथे लिहून ठेवा. दवाखान्यात कपडे कापताना वाराच्या किंवा गोळीच्या छिद्रातून कात्री घालू नये, छिद्र सोडून कापावे. कापलेले कपडे बोळा करून नातेवाइकांच्या हातात देणे तर अगदी चूक. चाकूच्या छिद्राची लांबी, कडा आणि रक्त कुठून कुठे ओघळले, हे त्या कपड्यावर शाबूत असते. बोळा झाला की एका घडीचे रक्त दुसऱ्या घडीवर उमटते आणि सगळा माग पुसला जातो.

मग कडे. रिबन मृतदेहाभोवती दहा फुटांवर बांधण्याची पद्धत पडून गेली आहे, ती सोडायला हवी. कडी दोन लागतात. आतले कडे मृतदेह, हत्यार आणि गुन्हेगाराची येण्या-जाण्याची वाट सामावून घेणारे. बाहेरचे कडे गर्दी, गाड्या आणि पत्रकारांसाठी. सुरुवातीला जास्त जागा अडवावी, नंतर कमी करता येते. उलटे करता येत नाही, कारण सोडलेली जागा एव्हाना तुडवलेली असते. उसाच्या फडात मृतदेह असेल तर मारेकरी आभाळातून पडलेला नसतो. तो बांधावरून, पाटाच्या कडेने किंवा गाडीवाटेने आला आणि तसाच कुठून तरी गेला. म्हणून फडापेक्षा बांध आणि गाडी उभी राहिली असेल ती जागा आधी अडवायला हवी. नेमके तिथेच पोलिसांची जीप आणि गावकऱ्यांच्या मोटारसायकली लागलेल्या दिसतात.

आत जायला एकच वाट ठेवायची, तीही गुन्हेगार जिथून गेला असण्याची शक्यता सर्वांत कमी तिथून. प्रवेशाशी एक अंमलदार नोंदवही घेऊन उभा हवा: नाव, बक्कल नंबर, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, काम काय. हे वरिष्ठांनाही लागू आहे, किंबहुना त्यांनाच जास्त. साहेब आले म्हणून रिबन उचलली, साहेबांमागून चार जण शिरले आणि त्यांच्यामागून स्थानिक पुढारी, असे झाले की नंतर प्रत्येकाच्या बुटाचा, बोटांचा आणि प्रसंगी लाळेचा नमुना घेऊन वगळावा लागतो. लाळ म्हणायचे कारण आपल्याकडचा मावा. घटनास्थळाच्या कडेला मारलेली पिंक म्हणजे डीएनएचा चांगला भरघोस नमुना, फक्त तो गुन्हेगाराचा नसतो.

कडे नुसते आडवे असून भागत नाही, वर-खालीही पाहावे लागते. नोएडातील २००८ च्या गाजलेल्या दुहेरी खून प्रकरणात दुसरा मृतदेह त्याच घराच्या गच्चीवर दुसऱ्या दिवशी सापडला. गच्चीच्या दाराला कुलूप होते आणि ते पहिल्या दिवशी उघडले गेले नाही. त्या वेळेत घरात किती माणसे फिरून गेली याची चर्चा देशभर झाली. पेठेतल्या जुन्या वाड्यात माळा, परडे, मागचा बोळ आणि सामाईक न्हाणी हे सगळे घटनास्थळाचाच भाग धरायला हवे. न्हाणीत कुणी हातपाय धुऊ नयेत. गुन्हेगाराने तिथेच हात धुतले असतील तर मोरीच्या जाळीत आणि बेसिनखालच्या वळणात पातळ झालेले रक्त अडकून राहते. दोन तांब्ये पाणी ओतले की संपले.

आता चादर. दोन वस्तू एकमेकींना लागल्या की देवाणघेवाण होते, हे लियाँच्या एडमंड लोकार्ड यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला मांडले आणि आजही सारे शास्त्र त्यावर उभे आहे. घरातली चादर टाकली की त्या घरातले केस आणि धागे मृतदेहावर येतात आणि मृतदेहावरचे मारेकऱ्याचे दोन केस चादरीला चिकटून जातात. लोकांना चादर टाकावीशी वाटते ती मृताची विटंबना होऊ नये म्हणून, आणि ती भावना रास्तच आहे. त्यासाठी कनात उभी करावी. कोल्हापुरात कुठल्याही पेठेत मांडववाला दहा मिनिटांत कनात आणून देतो. पाऊस येत असेल तर चार बांबूंवर ताडपत्री ताणावी, पण ती मृतदेहाला टेकू देऊ नये.

पायाचा ठसा असेल तर त्यावर घमेले पालथे घालावे आणि वर दगड ठेवावा. घमेले नसेल तर बादली, पाटी, खोका काहीही चालते, फक्त त्याची कड ठशाला लागता कामा नये आणि उतारावरून पाणी वाहून येत असेल तर वरच्या अंगाला मातीचा छोटा बांध घालावा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर किती ठसे केवळ याअभावी वाहून गेले असतील, त्याची गणती कुणी केलेली नाही.

या ठशाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हे काम व्हॅनशिवायही कुणी प्रशिक्षित अंमलदार करू शकतो आणि तेच सर्वांत जास्त बिघडते. आधी फोटो. कॅमेरा तिवईवर, ठशाच्या बरोबर वर, काटकोनात. शेजारी ठशाच्या तळाच्या पातळीवर एल आकाराची मोजपट्टी. पट्टी वर जमिनीवर आणि ठसा दोन सेंटिमीटर खोल असेल तर मापात फरक पडतो आणि बुटाचा नंबर जुळत नाही. मग टॉर्च तीन-चार फुटांवर, जमिनीलगत तिरकी धरून चारही बाजूंनी एकेक फोटो. वरून फ्लॅश मारला तर सावल्या नाहीशा होतात आणि तळव्याची नक्षी सपाट दिसते. ठशात मागाहून पडलेले सुटे पान चिमट्याने उचलावे. पायाखाली दबून रुतलेली काडी मात्र ठशाचाच भाग आहे, तिला हात लावू नये.

साचा घ्यायला डेंटल स्टोन (दातांचे साचे करायची भुकटी) वापरावा. प्लास्टर ऑफ पॅरिस स्वस्त पडते खरे, पण ते मऊ असते आणि माती साफ करताना बारीक खुणा झिजून जातात. बुटाच्या तळव्यावरची एखादी चीर, रुतलेला खडा यांवरच तर ओळख पटते. एका ठशाला साधारण ९०० ग्रॅम भुकटी आणि ३५० मिलिलिटर पाणी लागते. बंद होणाऱ्या पिशवीत भुकटीवर पाणी घालून तीन ते पाच मिनिटे बाहेरून मळावे. मिश्रण धिरड्याच्या पिठाइतके वाहते झाले पाहिजे. ते थेट ठशात ओतू नये, उंचावरून तर नाहीच. ठशाच्या शेजारी जमिनीलगत ओतून आपोआप आत वाहू द्यावे. अर्धवट घट्ट झाले की काडीने वर गुन्हा नंबर, तारीख आणि उत्तर दिशा कोरावी. अर्ध्या तासाने कडेची माती उकरून साचा खालून हात घालून उचलावा. माती चिकटलेली असली तरी तिथे ब्रशने झाडायची घाई करू नये; निदान ४८ तास हवेत वाळू द्यावे आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून पाठवावे. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला ओला साचा वाळत नाही आणि ठिसूळ होतो.

शोध घेण्याच्या पद्धती पुस्तकांत पाच-सहा दिल्या आहेत. उसात त्यांची फारशी गरज पडत नाही. सरी आयती असते. एका सरीत एक माणूस, सगळे एका रेषेत, एका वेगाने, आणि कुणाला काही दिसले की सगळ्यांनी थांबायचे. वस्तू उचलायची नाही, शेजारी नंबर लावायचा. श्वान पथक येणार असेल तर ही रांग त्यानंतर.

हातमोज्यांबद्दलही गैरसमज आहे. मोजे घातले म्हणजे काहीही उचलायला हरकत नाही, असे अनेकांना वाटते. मोज्याने तुमचा ठसा लागत नाही, पण गुन्हेगाराचा पुसला जातो. पेला काठाला आणि बुडाला, कोयता पात्याच्या टोकाला आणि मुठीच्या शेवटाला, म्हणजे जिथे सहसा कुणी धरत नाही तिथे धरावा. मोजे प्रत्येक नव्या वस्तूला बदलायचे असतात, दिवसाला एक जोड असा हिशेब इथे चालत नाही. ठसे तज्ज्ञांची पावडर गुळगुळीत कोरड्या पृष्ठभागासाठी. दवाने भिजलेल्या काचेवर ती फिरवली तर चिखल होतो, कागदावर तर वापरूच नये. कागदावरच्या ठशाला निनहायड्रिन हे रसायन लागते, घामातल्या अमिनो आम्लांशी संयोग होऊन ठसा जांभळा उठतो.

रक्ताने भिजलेल्या कपड्यांचे सर्वाधिक नुकसान पॉलिथिनच्या पिशवीने होते. ओल आत कोंडते, जुलै-ऑगस्टमधल्या आपल्या हवेत दोन दिवसांत बुरशी धरते आणि जिवाणू डीएनए खाऊन टाकतात. प्रयोगशाळेचा ‘डीएनए प्रोफाइल मिळू शकले नाही’ असा अहवाल आला की लोक प्रयोगशाळेला बोल लावतात; वस्तू निघाली तेव्हाच खराब झालेली होती, हे कुणी पाहत नाही. कपडा सावलीत, स्वच्छ खोलीत, खाली कोरा कागद पसरून वाळवावा. ऊन नको, पंख्याचा झोत नको. वाळल्यावर घड्यांच्या मधे कागद घालून प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावा, आणि खाली पसरलेला कागदही घडी करून सोबत द्यावा, कारण गळून पडलेले त्यावर असते. फरशीवरचा वाळलेला डाग निर्जंतुक बोळ्याला ऊर्ध्वपातित पाण्याचा एखादा थेंब लावून टिपावा आणि शेजारच्या स्वच्छ फरशीवरून दुसरा बोळा तुलनेसाठी घ्यावा. हा दुसरा बोळा हटकून विसरला जातो. पाकिटाचा डिंक जिभेने ओला करणारे महाभागही अजून आहेत.

मात्र ‘सगळे कागदात’ असाही नियम नाही. जाळपोळीच्या जागेवरची राख आणि अर्धवट जळालेले कापड कागदात किंवा साध्या पॉलिथिनमध्ये घातले तर पेट्रोलची वाफ वाटेतच उडून जाते. त्याला घट्ट झाकणाचा पत्र्याचा नवा डबा हवा, वर थोडी जागा मोकळी सोडून. विषबाधेच्या संशयात व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतले अवयव) मिठाच्या संपृक्त द्रावणात जातो. फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर ऊती कडक होतात आणि त्यातून विष वेगळे काढणे अवघड होऊन बसते.

पंचनाम्याच्या भाषेकडेही लक्ष द्यायला हवे. चतुःसीमा बिनचूक लिहिलेल्या असतात, पण पुढे ‘मृतदेहापासून अंदाजे काही अंतरावर कोयता पडलेला’ असे वाक्य येते. हा ‘अंदाजे’ बचाव पक्षाच्या वकिलांना फार आवडतो. कोयत्याचे अंतर न हलणाऱ्या दोन खुणांपासून मोजावे: विहिरीच्या ईशान्य कोपऱ्यापासून ४.३५ मीटर, नंबर लिहिलेल्या विजेच्या खांबापासून ६.१० मीटर. दोन वर्षांनी ऊस तुटला, खोडवा गेला, तरी जागा पुन्हा सापडते. मृतदेह किंवा दुसरी हलणारी वस्तू खूण म्हणून घेऊन उपयोग नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच बसते. हेच पंचनामे अपिलात आता इथे ओळीओळीने वाचले जाणार आहेत.

तशीच गोष्ट मुद्देमालाच्या वर्णनाची. पंचनाम्यात ‘निळसर शर्ट’, लेबलवर ‘हिरवा टी-शर्ट’ आणि प्रयोगशाळेच्या पोचपावतीत ‘एक कापड’ असे तीन ठिकाणी तीन प्रकार झाले की वस्तू एकच होती हे सिद्ध करताना दमछाक होते. लाखेचे सील, सीलचा नमुना, पंचांच्या सह्यांचे लेबल, मुद्देमाल कारकुनाकडे कधी दिले, कुणी नेले, कधी पोचले, यातला एक दुवा निसटला तरी डीएनएसारखा भक्कम पुरावा बाजूला पडू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये याच कारणाने निर्देश दिले: डीएनएचे नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचले पाहिजेत, उशीर झाला तर कारण नोंदवले पाहिजे, आणि नमुना घेतल्यापासून खटला संपेपर्यंत तो कुणाकुणाच्या ताब्यात होता याची नोंदवही ठेवली पाहिजे.

सीसीटीव्हीबाबत दोनच गोष्टी. बहुतेक दुकानांतल्या यंत्रात काही दिवसांनी जुने चित्रण आपोआप पुसले जाते, त्यामुळे ‘उद्या येतो’ म्हणणे परवडत नाही. आणि यंत्रातले घड्याळ जवळजवळ कधीच बरोबर नसते. मोबाइलवरची वेळ आणि यंत्रातली वेळ एकाच फोटोत घेऊन फरक पंचनाम्यात लिहावा. फरक न लिहिल्यामुळे आरोपी घटनेआधी वीस मिनिटे गंगावेशीत दिसतो आणि त्याला आयते निमित्त मिळते. चित्रणाची प्रत घेतल्यावर हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा संकेतांक) आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. जागेवर सापडलेला मोबाइल बंद असेल तर बंदच राहू द्यावा, चालू असेल तर फ्लाइट मोडवर टाकावा. ‘शेवटचा कॉल कुणाचा ते बघू’ म्हणून चाळू नये.

जागा मोकळी करण्याची घाई हा आणखी एक प्रकार. पंचनामा आटोपला की पाणी मारून धुऊन टाकतात. शवविच्छेदनाचे प्राथमिक मत येईपर्यंत कडे ठेवलेच पाहिजे. गोळी शरीरातून आरपार गेली आणि आत सापडलीच नाही, असे डॉक्टरांनी सायंकाळी कळवले तर ती भिंतीत, दाराच्या चौकटीत किंवा मातीत शोधायला परत यावे लागते.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक बीटच्या गाडीत आणि प्रत्येक पोलीस पाटलाकडे एक पिशवी असावी: शंभर-दोनशे मीटर रिबन, मोज्यांचे दहा-बारा जोड, नवी कोरी तपकिरी कागदी पाकिटे लहान-मोठी, तीस मीटरचा टेप, मोजपट्टी, नंबरांच्या पाट्या, टॉर्च, नोंदवही, मार्कर आणि दोन घमेली. पोलीस पाटलांच्या बैठकीत वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, कडे बांधण्याचे आणि ठसा झाकण्याचे प्रात्यक्षिक व्हावे. अर्ध्या दिवसात ते शिकवून होते.

आपल्या वार्ताहर-छायाचित्रकारांसाठीही एक विनंती. फोटो बाहेरच्या कड्याबाहेरूनच घ्यावेत आणि मृतदेहाचे किंवा हत्याराचे जवळून घेतलेले चित्र छापू नये. आरोपीच सांगू शकेल असा तपशील आधी छापून आला तर त्याच्या निवेदनाची किंमत उरत नाही. आणि पोलीस पोचण्याआधीचे फोटो कुणाकडे असतील, मग तो वार्ताहर असो वा शेजारी, तर ते फार मोलाचे असतात, कारण जागा न हललेली फक्त त्यातच दिसते. ते तपास अधिकाऱ्याला व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नयेत. तसे पाठवले की फोटो लहान होतो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची नोंद गळून पडते. मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवून फोनच दाखवावा, आणि पाठवायचीच वेळ आली तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

आपले,
न्यायसहायक तपासातील दोन निवृत्त कर्मचारी,
कोल्हापूर